किडनी प्रत्यारोपणानंतर हाताला कंप, मग फिट: मेंदूत नेमकं काय होतं?

प्रश्न असा आहे: वडील ५४ वर्षांचे, शिवणकाम करतात. पाच आठवड्यांपूर्वी किडनी प्रत्यारोपण झालं, किडनी आईने दिली. क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते सांगणारा रक्ताचा आकडा) १.३ वर आहे. दुसऱ्या आठवड्यापासून दोन्ही हातांना कंप, सुईत दोरा ओवता येत नाही. गेल्या आठवड्यात दोन दिवस डोकं दुखलं, समोरचं धूसर दिसायला लागलं आणि फिट आली. गावातल्या दवाखान्यात फेनिटॉइन हे फिटचं औषध सुरू केलं. प्रत्यारोपण केलेल्या हॉस्पिटलने ते दुसऱ्याच दिवशी बंद करून लेव्हेटिरॅसिटॅम दिलं आणि टॅक्रोलिमसचा डोस कमी केला. सीटी स्कॅन नॉर्मल, पण एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागात सूज आहे म्हणतात. नातेवाईक म्हणतात, टॅक्रोलिमसची गोळीच बंद करा. हे कायमचं आहे का, आणि पुढे आणखी काय होऊ शकतं?

सगळ्यात आधी तातडीचं सांगतो. टॅक्रोलिमस, म्हणजे नवी किडनी टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, स्वतःच्या मनाने बंद करू नका, एक वेळही चुकवू नका. वडिलांच्या शरीराला आईची किडनी परकीच वाटते, आणि पहिल्या काही महिन्यांत शरीर ती नाकारण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. हॉस्पिटलने डोस कमी केला तो रक्तातली लेव्हल बघून, क्रिएटिनिनवर नजर ठेवून. घरात बसून गोळी बंद करणं ही वेगळीच गोष्ट आहे. त्यात किडनी जाऊ शकते. तुमच्या डॉक्टरांनी केलेले तिन्ही बदल मला योग्य वाटतात. ते का केले, हे समजलं तर नातेवाइकांना उत्तर देणंही सोपं जाईल.

अवयव घेतलेल्या माणसाचं डोकं दुखलं, तो असंबद्ध बोलायला लागला किंवा त्याला फिट आली, की मी दोन गोष्टी आधी विचारतो. ऑपरेशनला किती दिवस झाले? आणि गेल्या पंधरवड्यात गोळ्यांच्या यादीत काय नवं आलं, काय गेलं? एमआरआय त्यानंतर. पहिल्या महिन्यात बहुतेक वेळा कारण औषधांत, रक्तदाबात, रक्तातल्या सोडियम-मॅग्नेशियममध्ये किंवा खुद्द ऑपरेशनमध्ये सापडतं. साधारण पहिल्या ते सहाव्या महिन्यात प्रतिकारशक्ती सर्वांत खाली असते, म्हणून तेव्हा एरवी न दिसणारे जंतुसंसर्ग डोकं वर काढतात. त्यानंतर हळू चालणारे आजार येतात. या सीमारेषा काटेकोर नाहीत. मध्येच रिजेक्शनसाठी, म्हणजे शरीर अवयव नाकारायला लागलं म्हणून, जोरदार औषधं द्यावी लागली, तर संसर्गाच्या धोक्याचा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागतो.

आता वडिलांचा कंप. टॅक्रोलिमस घेणाऱ्यांत हा सर्वांत जास्त दिसणारा त्रास आहे, सायक्लोस्पोरिन या त्याच कामाच्या औषधात तो थोडा कमी. मी पेशंटला दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगतो आणि पसरलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवतो. डोळ्यांना न दिसणारी बारीक थरथर कागदाच्या कडेला लगेच दिसते. मग पेनने आतून बाहेर जाणारं गोल चक्र काढायला लावतो आणि त्यावर तारीख टाकून कागद फाइलला लावतो. पुढच्या भेटीत दोन चक्रं शेजारी ठेवली की कंप वाढला की उतरला, यावर वाद राहत नाही. हे तुम्ही घरीही करू शकता. गोळी घेतल्यावर तासा-दोन तासांनी कंप वाढतो का तेही लिहून ठेवा, कारण त्या वेळी औषध रक्तात सर्वांत जास्त असतं. दिवसातून एकदाच घ्यायच्या, हळूहळू विरघळणाऱ्या टॅक्रोलिमसवर बदलल्यावर काहींचा कंप बराच उतरतो. काहींना प्रोप्रॅनोलॉल उपयोगी पडतं, मात्र दमा असेल तर ते चालत नाही.

एक कंप मात्र वेगळा असतो. हात समोर धरून मनगटं मागे वळवली की पंजे मध्येच गळून पडतात आणि पुन्हा वर येतात. यात बारीक थरथर नसते, क्षणभर स्नायूंतला ताणच सुटतो. असं दिसलं तर प्रश्न नुसत्या हातांचा नाही, सगळा मेंदू गुंगीत आहे. कारण रक्तात साठलेलं युरिया, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड किंवा एखादं औषध असतं. अशा माणसाला त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये न्यायला हवं.

डोकेदुखी, धूसर नजर आणि फिट हे तिन्ही एकत्र, त्यात एमआरआयवर मेंदूच्या मागच्या भागात सूज. या चित्राला आम्ही प्रेस म्हणतो. १९९६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १५ रुग्णांवरून त्याचं वर्णन छापलं. त्यातले ७ जण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत होते, आणि तिघी गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या झटक्यांच्या होत्या. प्रसूती कक्षात काम केलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. होतं असं, की टॅक्रोलिमसमुळे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं. त्यात रक्तदाब चढला की रक्तातलं पाणी पाझरून आजूबाजूच्या मेंदूत शिरतं. मेंदूच्या मागच्या भागातल्या वाहिन्यांना रक्तदाबाचा भार सांभाळणाऱ्या नसा कमी असतात, म्हणून मार तिथेच जास्त बसतो. आपण पाहतो ते मेंदूच्या त्याच भागाने, म्हणून नजर धूसर होते. काहींना तर काही तास अजिबात दिसत नाही आणि डोळ्यांचे डॉक्टर तपासून सांगतात की डोळे ठीक आहेत. सीटीवर ही सूज अनेकदा दिसतच नाही. सीटी नॉर्मल आला म्हणून घरी पाठवलेले पेशंट दुसऱ्या फिटनंतर परत आलेले मी पाहिले आहेत.

प्रेस बहुतेकांत पूर्ण बरा होतो, पण कारण वेळेत दूर केलं तरच. रक्तदाब हळूहळू ताब्यात आणायचा, टॅक्रोलिमस कमी करायचं किंवा बदलायचं, मॅग्नेशियम भरून काढायचं. नजर आणि शुद्ध सहसा काही दिवसांत ताळ्यावर येते, एमआरआयवरचे पांढरे डाग पुसायला काही आठवडे लागतात. उपचार लांबले तर मात्र तिथे रक्तस्राव होऊ शकतो किंवा मेंदूचा तेवढा भाग कायमचा जाऊ शकतो. टॅक्रोलिमस किडनीवाटे मॅग्नेशियम बाहेर घालवतं आणि मॅग्नेशियम उतरलं की फिट यायला कमी निमित्त पुरतं. म्हणून वडिलांच्या पुढच्या रक्ततपासणीत मॅग्नेशियम आहे ना, ते बघून घ्या. क्रिएटिनिन आणि लेव्हल सगळे करतात, हे राहून जातं.

लेव्हलबद्दलही सांगायला हवं, कारण घरचे लोक त्या आकड्याला फार चिकटतात. पहिल्या काही महिन्यांत बरीच केंद्रं ती साधारण ८ ते १२ च्या आसपास ठेवतात, पुढे खाली आणतात. पण आकडा मर्यादेत असतानाही कंप, फिट, प्रेस होऊ शकतं. मेंदूत किती औषध शिरतं आणि तो ते कसं सोसतो, हे रक्तातल्या आकड्यावरून पूर्ण कळत नाही. शिवाय आकडा खरा हवा, तर रक्त सकाळची गोळी घेण्याआधी, आदल्या रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. घरून गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर लेव्हल खोटी जास्त येते आणि डोस विनाकारण कापला जातो.

आता फेनिटॉइन का बदललं ते. तुमच्या सगळ्या हकिगतीत हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, एव्हरोलिमस या औषधांना यकृतातली आणि आतड्यातली काही एन्झाइम्स मोडून काढतात. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फिनोबार्बिटोन ही फिटची जुनी, स्वस्त औषधं त्याच एन्झाइम्सचा वेग वाढवतात. दवाखान्यात फिट थांबते, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत टॅक्रोलिमसची लेव्हल गुपचूप घसरते. महिन्याभराने क्रिएटिनिन चढलेलं सापडतं, आणि फिटच्या गोळीशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. लेव्हेटिरॅसिटॅम या वाटेने जात नाही, म्हणून आम्ही तेच निवडतो. मात्र ते किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून त्याचा डोस क्रिएटिनिन बघून ठरतो. काहींची त्याने चिडचिड वाढते, झोप उडते. वडील विनाकारण चिडायला लागले तर त्यांच्या स्वभावाला दोष देऊ नका, डॉक्टरांना सांगा. यकृत घेतलेल्यांत व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषधही आम्ही टाळतो. गावातल्या डॉक्टरांनी फिट थांबवली हे मोलाचंच होतं. हा पेच त्यांना कळायचा, तर गळ्यात किंवा पाकिटात प्रत्यारोपणाचं कार्ड आणि औषधांची ताजी यादी असायला हवी.

आपल्याकडे क्षयरोग बराच असल्याने हाच पेच रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधाचा येतो, आणि तो फेनिटॉइनपेक्षा कडक. रिफॅम्पिसिन सुरू केल्यावर टॅक्रोलिमस कित्येक पटींनी वाढवावं लागतं, नाहीतर रिफाब्युटिन वापरावं लागतं. रिफॅम्पिसिन थांबवल्यावरही त्याचा परिणाम दोनेक आठवडे राहतो, तेव्हा तोच वाढवलेला डोस अंगावर येतो. याच्या उलट्या दिशेची यादी अजून मोठी आहे. बुरशीची औषधं फ्लुकोनॅझोल आणि व्होरिकोनॅझोल, घशाच्या संसर्गाला सर्रास दिलं जाणारं क्लॅरिथ्रोमायसिन, रक्तदाबाचं डिल्टियाझेम, ही सगळी लेव्हल वाढवतात. व्होरिकोनॅझोल सुरू करताना टॅक्रोलिमस एक तृतीयांशावर आणायला सांगतात, इतका हा परिणाम मोठा आहे. डिल्टियाझेम तर आपल्याकडे टॅक्रोलिमसचा खर्च वाचावा म्हणून मुद्दाम जोडून देतात. ते कुणी “आता रक्तदाब ठीक आहे” म्हणून बंद केलं, तर लेव्हल कोसळते. जुलाब लागले तरी लेव्हल चढते. आणि गणपतीच्या दिवसांत घरी येणारं पपनस खायचं नाही. ग्रेपफ्रूटसारखंच तेही लेव्हल वाढवतं. काढे, गुळवेल, “इम्युनिटी वाढवणाऱ्या” पुड्या यांना तर माझा स्पष्ट विरोध आहे. सगळी धडपड प्रतिकारशक्ती दाबून ठेवण्याची चालली असताना ती वाढवणारं काहीही वडिलांना देऊ नका.

टॅक्रोलिमसशिवाय आणखीही औषधं डोक्यात गोंधळ घालतात. सेफेपीम हे अँटिबायोटिक किडनी मंद असताना पूर्ण डोसमध्ये गेलं, तर माणूस शून्यात बघत बसतो, अंगाला हलके झटके येतात, आणि ईईजी (मेंदूतल्या विजेची नोंद) केल्यावर कळतं की आतल्या आत सतत फिट चालू आहे. नागिणीसाठी दिलेलं ॲसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर, मुंग्यांसाठी दिलेलं प्रीगॅबॅलिन, यांनीही असंच होतं. स्टिरॉइडच्या मोठ्या डोसावर झोप उडणं, अखंड बडबड, संशय येणं हे पहिल्या आठवड्यांत दिसतं. घरचे घाबरून मानसोपचारांपर्यंत पोहोचतात. डोस उतरला की बहुतेक जण पूर्ववत होतात.

पुढच्या काही महिन्यांत मला तुमचं सर्वांत जास्त लक्ष हवं आहे ते संसर्गाकडे, आणि त्यातही ताप न आणणाऱ्या संसर्गाकडे. तापाशिवाय संसर्ग नाही हा आपला घरगुती आडाखा इथे चालत नाही. ताप हे प्रतिकारशक्तीचंच काम, आणि तीच आपण दाबलेली असते. किडनी घेऊन काही वर्षं झालेल्या एक बाई मला आठवतात. तीन आठवडे डोकं जड, सकाळी उलटी, ताप नाही, मान आखडलेली नाही. पित्त म्हणून, अर्धशिशी म्हणून गोळ्या झाल्या. मग दोन-दोन दिसायला लागलं. पाठीतलं पाणी काढायला सुई घातली तेव्हा द्रव नळीत चढतच गेला, इतका आतला दाब वाढला होता. पाण्यात क्रिप्टोकोकस ही बुरशी निघाली. या बुरशीवर किमान दोन आठवडे शिरेतून ॲम्फोटेरिसिन आणि पुढे कित्येक महिने फ्लुकोनॅझोल लागतं, आणि फ्लुकोनॅझोल आलं की टॅक्रोलिमसचा हिशेब पुन्हा नव्याने मांडावा लागतो. दाब वाढत राहिला तर नजर जाते, म्हणून पाणी पुन्हा पुन्हा काढावं लागतं. त्याला नाही म्हणू नका. पाठीतलं पाणी काढल्याने लुळेपणा येतो ही भीती निराधार आहे.

ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत वाढते. मुंबई-पुण्याच्या इमारतींत खिडकीच्या छज्ज्यावर, एसीच्या मागे कबुतरांनी थर केलेला असतो. वडिलांच्या घरात तसं असेल तर जाळी लावा. थर झाडायचा तर ओला करून, दुसऱ्या कुणीतरी, मास्क लावून आणि ते घरात नसताना. कबुतरांना दाणे घालायला त्यांनी जाऊ नये.

म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी, हे नाव २०२१ नंतर महाराष्ट्रात कुणाला नवीन नाही. स्टिरॉइड आणि टॅक्रोलिमस दोन्ही साखर वाढवतात, आणि आधी मधुमेह नसलेल्यालाही प्रत्यारोपणानंतर तो होऊ शकतो. गाल एका बाजूला बधिर होणं, एका डोळ्याला सूज, नाकातून काळपट स्राव, दोन-दोन दिसणं, यांपैकी काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. हा आजार तासांच्या हिशेबाने डोळ्यातून मेंदूत शिरतो आणि नुसत्या औषधाने थांबत नाही, सडलेला भाग कापूनच काढावा लागतो. क्षयाचा मेंदूज्वर हळू येतो: बारीक ताप, वजन उतरणं, मग सुस्ती. नोकार्डिया हा जंतू फुफ्फुसात गाठ करतो आणि तिथून मेंदूत, म्हणून छातीत गाठ सापडली की मेंदूचा एमआरआय आम्ही त्रास नसतानाही करतो. वडिलांना सेप्ट्रानची गोळी दिली असेल, तर ती न्युमोसिस्टिस या फुफ्फुसाच्या संसर्गापासून वाचवतेच, शिवाय टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीला आणि काही अंशी नोकार्डियालाही अटकाव करते. छोटी गोळी म्हणून ती टाळू नका.

तुम्ही विचारलेलं नाही, पण किडनीच्या पेशंटमध्ये एक गोष्ट नेहमी दिसते म्हणून सांगतो. ऑपरेशननंतर पहिल्यांदा उभं राहताना एक गुडघा दुमडतो, मांडीचा पुढचा भाग बधिर लागतो. पोटात जागा मोकळी ठेवायला लावलेल्या उपकरणाने मांडीकडे जाणारी नस दाबली गेलेली असते. अर्धांगवायू झाला म्हणून घरात रडारड होते. व्यायामाने आणि काळाने ती बहुतेकांत सुधारते, मधल्या काळात पडायचं मात्र नाही.

इतर अवयवांचे धोके थोडे वेगळे. यकृताच्या पेशंटचं सोडियम बरेचदा आधीच उतरलेलं असतं, ते ऑपरेशनच्या धामधुमीत एकदम चढलं तर मेंदूच्या खोडाला कायमची इजा होते. हृदयात मुख्य भीती पक्षाघाताची. फुफ्फुस घेतलेला पेशंट पहिल्या महिन्यात गुंगीत गेला, तर यकृत चांगलं असलं तरी अमोनिया तपासावा, कारण युरियाप्लाझ्मा नावाचा जंतू तो वाढवतो आणि साध्या अँटिबायोटिकने माणूस वाचू शकतो. दात्याकडूनही आजार येऊ शकतो. २००४ मध्ये अमेरिकेत एकाच दात्याचे अवयव आणि रक्तवाहिनी घेतलेले चौघे रेबीजने गेले. मेंदूला सूज येऊन गेलेल्या आणि कारण न सापडलेल्या दात्याच्या बाबतीत म्हणूनच आम्ही हात आखडता घेतो.

वर्षांनंतर येणाऱ्या त्रासांत पक्षाघात सर्वांत मोठा, आणि तो टाळणं बरंचसं आपल्या हातात आहे: रक्तदाब, साखर, तंबाखू. किडनी मुळात पॉलिसिस्टिक आजाराने (किडनीत पाण्याच्या गाठी होण्याच्या आजाराने) गेली असेल, तर मेंदूच्या रक्तवाहिनीला फुगा असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. अशा माणसाचं डोकं क्षणात, आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं दुखलं, तर तो रक्तस्राव समजूनच धावायचं. जेसी विषाणूमुळे होणारा पीएमएल हा मेंदूचा आजार आणि ईबी विषाणूमुळे होणारा मेंदूतला लिंफोमा (एक प्रकारचा कॅन्सर) हे दोन्ही दुर्मिळ आहेत. महिन्या-दोन महिन्यांत हळूहळू एक हात निकामी होत गेला, बोलणं अडखळायला लागलं किंवा स्वभाव पार बदलला, की त्यांचा विचार करतो.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे. वडिलांचं चित्र कायमचं असण्याची शक्यता कमी आहे. नजर साफ झाली आणि पुन्हा काढलेल्या एमआरआयमध्ये सूज गेली, तर फिटची गोळी साधारणपणे काही महिन्यांत कमी करून थांबवता येते, आयुष्यभर लागत नाही. ती थांबवायची केव्हा हे न्यूरॉलॉजिस्ट आणि किडनीचे डॉक्टर एकमेकांशी बोलून ठरवतील. तोवर गाडी चालवणं, विहीर-नदीत पोहणं, शिडीवर चढणं बंद. पायमशीन चालवायला हरकत नाही, मोटरच्या मशीनवर आणि गरम इस्त्रीपाशी मात्र एकटं बसू देऊ नका. रक्तदाब घरीच सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा. १६०च्या वर गेला आणि सोबत डोकं दुखत असेल किंवा नजर धूसर झाली असेल, तर फिट येईपर्यंत थांबू नका, रात्र असली तरी प्रत्यारोपण समन्वयकाला फोन करा. रक्तदाब बरा असतानाही प्रेस होतो, म्हणून नजर धूसर झाली की आकडा काहीही असो, फोन करायचाच. पुढच्या भेटीला एमआरआयची सीडी, औषधांची यादी आणि कंपाची चक्रं काढलेले कागद सोबत न्या. आणि डोस उतरवल्यानंतरची लेव्हल किती आली आणि क्रिएटिनिन तिथेच आहे का, हे विचारून तारखेसह लिहून घ्या.